करपा न येणारा बटाटा: वाण निघतं, मग ते आपल्या सरीत का येत नाही?

मृगधारा

खरीप बटाट्याच्या धाग्यावर परवा एकांनी विचारलं होतं, की एवढी विद्यापीठं आहेत, एवढ्या संस्था आहेत, मग करप्याला दाद न देणारा बटाटा कोणी काढत कसा नाही? तिथे उत्तर फार लांबलं असतं म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी वनस्पती पैदास शिकले, काही वर्षं बटाट्यावरच काम केलं, आणि माहेर आंबेगाव तालुक्यातलं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे.

थोडक्यात उत्तर असं, की असे बटाटे निघाले आहेत आणि गेली कित्येक दशकं निघत आहेत. पण काही वाणांची ताकद शेतात गेल्यावर थोड्याच वर्षांत संपली, आणि ज्यांची टिकली ती शेतकऱ्यापर्यंत पोचलीच नाहीत. पहिला दोष विज्ञानाच्या वाटेतला होता, दुसरा बाजाराच्या वाटेतला आहे. आज मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

आधी रोगाबद्दल. उशिरा येणाऱ्या करप्याचं कारण फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. दिसायला बुरशी, पण कुळाने खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शेवाळाला जवळची. १० ते २० अंश तापमान, पानावर ओल आणि ढगाळ हवा एवढं मिळालं की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते आणि आठवड्याभरात अख्खा प्लॉट काळा पडतो. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये हेच झालं. तिथली गरीब जनता जवळजवळ 'लंपर' या एकाच वाणावर जगत होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. बटाटा डोळ्यांपासून वाढतो, म्हणजे एका वाणाची सगळी झाडं गुणांनी तंतोतंत एकच. एक झाड बळी पडतं तर सगळीच पडतात.

मग शोध सुरू झाला रानटी बटाट्यांचा. मेक्सिकोच्या डोंगरात सोलॅनम डेमिस्सम नावाचा बटाटा आहे. कंद बारीक, खायला निरुपयोगी, पण करप्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेला. त्याचा संकर करून प्रतिकाराची जनुकं लागवडीच्या बटाट्यात आणली. आर-१ ते आर-११ अशी त्यांची नावं आहेत. असं जनुक म्हणजे एकच चेहरा ओळखणारा पहारेकरी. रोगाने चेहरा बदलला की तो आत सोडतो. आर जनुकांची वाणं शेतात गेली आणि थोड्या वर्षांत रोगाचे नवे प्रकार त्यांच्यावर उतरले.

यात एक गोष्ट पैदासकारांना फार महागात पडली. 'व्हर्टिफोलिया' नावाचं जर्मन वाण होतं, त्यात आर-३ आणि आर-४ होती. ही जनुकं काम करत होती तोवर शिवारात करपा दिसतच नव्हता. त्यामुळे निवड करताना झाडाची मूळची, हळूहळू लढणारी ताकद तपासायची संधीच राहिली नाही आणि ती नकळत गळून गेली. रोगाने दोन्ही जनुकं ओलांडली तेव्हा हे वाण साध्या वाणांपेक्षाही वाईट कोसळलं. वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ मध्ये याला 'व्हर्टिफोलिया परिणाम' असं नाव दिलं. पैदास शिकणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

उलट वाटेने गेले अमेरिकन रोगतज्ज्ञ जॉन नीडरहाउझर. मेक्सिकोत टोलुकाच्या खोऱ्यात रोगाचे दोन्ही मिलन प्रकार, ए-१ आणि ए-२, म्हणजे एकमेकांशी संकर होणाऱ्या दोन बाजू, एकत्र नांदतात. त्यामुळे तिथे रोगाचे नवनवे प्रकार सतत तयार होतात. नीडरहाउझर यांनी बटाटे तिथेच लावून पारखले. एका जनुकाच्या जोरावर उभी असलेली झाडं तिथे टिकत नाहीत. ज्यांच्यावर डाग पडतो पण हळू वाढतो, तीच शेवटपर्यंत हिरवी राहतात. या कामासाठी त्यांना १९९० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचं पुढच्या प्रतिसादात लिहिते.

सातगावकर

ताई, चांगला विषय घेतला. सातगाव पठारावर खरिपात आम्ही कंपनीसाठी चिप्सचा बटाटा करतो. बेणं कंपनी देते, भाव आधी ठरतो, खरेदीही तीच करते. त्यात सोय आहे, नाही म्हणत नाही. पण झड लागली की पाचव्या-सहाव्या दिवशी फवारा घ्यावाच लागतो. पावसात धुऊन गेला तर परत. औषध आणि मजुरी धरली तर नफ्याचा मोठा हिस्सा पंपातून जातो. वाण निवडणं माझ्या हातात नाही. आणि कंपनी सोडून वडिलांसारखी 'ज्योती' लावावी म्हटलं तर तिच्यावरही आता करपा येतो. वडील सांगतात पूर्वी येत नव्हता. हे खरं का?

मृगधारा

दादा, तुमचे वडील बरोबर सांगतात.

आपली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. जवळच्या कुफ्रीला संकर करतात, म्हणून आपल्या वाणांच्या नावात 'कुफ्री' येतं. बटाट्याला फूल आणि फळ धरायला लांब दिवस आणि थंड हवा लागते. मैदानात हिवाळ्यातल्या आखूड दिवसांत फुलोरा नीट येत नाही, तो कुफ्रीला उन्हाळ्यात येतो.

कुफ्री ज्योती १९६८ ची. करप्याला मध्यम टिकणारी, वर दार्जिलिंगच्या डोंगरातल्या चामखीळ रोगालाही दाद न देणारी. म्हणून ती डोंगरापासून पठारापर्यंत सगळीकडे गेली. पण पन्नासहून अधिक वर्षं जागोजागी तेच वाण म्हटल्यावर रोगाला तिच्यावर सराव करायला भरपूर वेळ मिळाला. शिवाय रोगही तोच राहिला नाही. ए-२ प्रकार पूर्वी मेक्सिकोबाहेर नव्हता, १९८० च्या दशकापासून तो जगभर सापडू लागला. युरोपात पसरलेला '१३-ए२' हा आक्रमक वंश पुढे दक्षिण भारतात टोमॅटो-बटाट्यावर आला आणि नंतर पश्चिम बंगालमध्येही नोंदला गेला. त्याच्यावर मेटालॅक्सिल हे करप्याचं नेहमीचं औषध चालत नाही. दुकानदार तेच औषध पुन्हा पुन्हा देत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

ज्योतीनंतर आपल्याकडे कितीतरी वाणं आली. करप्याला चांगली टिकणारी कुफ्री हिमालिनी २००६ ची, गिरधारी २००८ ची, दोन्ही मुख्यतः डोंगरासाठी. तुमच्या कामाची आहेत ती चिपसोना वाणं. चिपसोना-१ आणि २ ही १९९८ ची, चिपसोना-३ ही २००६ ची. चिप्ससाठीच काढलेली, सुका भाग जास्त, साखर कमी, आणि करप्याला टिकणारी. चिपसोना-१ च्या आईची ओळ मेक्सिकोहून आलेल्या साहित्यातली आहे.

कुंदा

शेतीतलं मला कळत नाही, पण स्वयंपाकघरातला एक प्रश्न आहे. रानटी बटाट्याशी संकर म्हणजे त्यातलं विषही येत नाही का? हिरवट बटाटा कडू लागतो, तो आम्ही काढून टाकतो. कीड ज्याला तोंड लावत नाही ते आपण खावं का?

मृगधारा

कुंदाताई, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. याचं उत्तर एका खऱ्या घटनेत आहे.

सोलॅनम चाकोएन्स हा दक्षिण अमेरिकेतला रानटी बटाटा. त्याच्यापासून अमेरिकेत 'लेनापे' नावाचं वाण काढलं आणि १९६७ मध्ये प्रसारित केलं. चिप्ससाठी उत्तम, रंग सुरेख, रोगालाही टिकणारं. पण खाणाऱ्यांना मळमळायला लागलं. तपासलं तर त्यात सोलानिन आणि त्याच्या गटातली द्रव्यं सुरक्षित पातळीपेक्षा जास्त निघाली. ही पातळी १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात २० मिलिग्रॅम अशी धरतात. १९७० मध्ये लेनापे मागे घेतलं. तेव्हापासून नवं वाण बाहेर काढण्याआधी ही द्रव्यं मोजण्याची शिस्त पडली. ही द्रव्यं म्हणजे झाडाचं किडीविरुद्धचं स्वतःचं शस्त्र. त्यामुळे तुमची शंका अगदी रास्त आहे.

मात्र सगळा प्रतिकार विषातून येत नाही. करप्याची आर जनुकं विष बनवत नाहीत. ती रोगाचं एखादं प्रथिन ओळखतात आणि झाड त्या जागेच्या मोजक्या पेशी मारून रोगाला तिथेच कोंडतं. कंदाच्या चवीशी त्याचा संबंध नाही. किडीसाठीही दुसरा मार्ग आहे. बोलिव्हियातल्या सोलॅनम बर्थोल्टीच्या पानांवर चिकट लव असते, मावा आणि तुडतुडे तिच्यात अडकून पडतात. कॉर्नेल विद्यापीठाने त्यापासून 'किंग हॅरी' हे वाण काढलं. पानावरच्या लवेने कंद कडू होत नाही.

आणि सातगावकरदादा, पुढचं तुमच्यासाठी. लेनापे ताटातून गेलं तरी त्याचे चिप्सचे गुण पैदासकारांनी सोडले नाहीत. त्याचा संकर 'वॉसिऑन' या वाणाशी केला, विषाचं प्रमाण तपासत निवड केली आणि १९७० च्या दशकात एक नवं, खायला सुरक्षित वाण दिलं. ते म्हणजे 'अटलांटिक'. पठारावर चिप्ससाठी लावलं जातं तेच. सोनेरी सूत्रकृमीला, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या बारीक कृमीला, ते टिकतं, चिप्सला उत्तम आहे, पण करप्यापुढे दुबळं आहे. जून ते सप्टेंबर धुकं आणि झड असलेल्या पठारावर आपण हे वाण लावतो, ही माझी खरी तक्रार आहे. ते जिथल्या हवेसाठी निवडलं ती हवा वेगळी होती.

उटीचा_पाहुणा

नोकरीमुळे बरीच वर्षं निलगिरीत आहे. इथे करप्याइतकीच धास्ती सूत्रकृमीची. १९६१ मध्ये उटीजवळ सोनेरी सूत्रकृमी पहिल्यांदा सापडला आणि पुढे इथलं बेणं बाहेर न्यायला बंदी आली. मुळांवर मोहरीपेक्षा बारीक पिवळे मणी दिसतात. एकेका मण्यात शेकडो अंडी, आणि ती मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पीक बदललं तरी वाट बघत बसतात. इथले शेतकरी 'कुफ्री स्वर्णा' लावायचे, अलीकडे 'नीलिमा' आणि 'सह्याद्री'ची नावं ऐकतो. यात काय केलं आहे?

मृगधारा

स्वर्णा १९८५ ची. एक बाजू कुफ्री ज्योतीची, दुसरी सोलॅनम व्हर्नी या रानटी बटाट्यापासून आलेल्या ओळीची. म्हणजे करपा आणि सूत्रकृमी दोन्ही एकाच झाडात धरायचा प्रयत्न होता.

सूत्रकृमीच्या बाबतीत इंग्लंडचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे १९६६ मध्ये 'मारिस पायपर' आलं. त्यात अँडीजमधल्या बटाट्याचं एच-१ जनुक होतं. सोनेरी सूत्रकृमीवर ते आजही चालतं, आर जनुकांसारखं फुटलं नाही. पण त्याच्याच जवळचा पांढरा सूत्रकृमी एच-१ ला जुमानत नाही. एक जात दबली, तर शेतात दुसरीला मोकळं रान मिळालं. निलगिरीत दोन्ही जाती आहेत, म्हणूनच तिथे व्हर्नीसारखा दोन्हींवर चालणारा स्रोत लागला.

वागेनिंगनकर

नमस्कार. मूळ नगरची, सध्या नेदरलँड्समध्ये पिकांच्या जनुकांवर काम करते. इथे बटाटा शेतकरी करप्यासाठी हंगामात दहा-पंधरा फवारण्या करतात, तेव्हा प्रश्न इथेही तसाच जिवंत आहे.

सोलॅनम बल्बोकास्टॅनम या मेक्सिकन बटाट्याबद्दल लिहिते. त्याचा प्रतिकार फार रुंद आहे, पण लागवडीच्या बटाट्याशी त्याचा सरळ संकर होत नाही. म्हणून आधी दुसऱ्या रानटी बटाट्यांशी, मग त्या संततीचा तिसऱ्याशी, असं पूल बांधत यावं लागलं. या वाटेने 'बायोनिका' आणि 'टोलुका' ही वाणं निघायला सुमारे ४५ वर्षं लागली. एका माणसाचं कामाचं आयुष्य त्यात जातं.

दुसरी वाट म्हणजे तेच जनुक प्रयोगशाळेत उचलून थेट बटाट्यात ठेवणं. बल्बोकास्टॅनममधलं आरबी हे जनुक २००३ मध्ये वेगळं करण्यात आलं. वागेनिंगनमध्ये २००६ ते २०१५ असा दहा वर्षांचा प्रकल्प झाला. त्यात फक्त रानटी बटाट्यांचीच जनुकं दोन-तीन एकत्र करून घातली आणि फवारण्या मोठ्या प्रमाणात कमी करता येतात हे शेतात दाखवलं.

तिसरी वाट मला सगळ्यात आशेची वाटते. लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात. ते दोनवर आणायचे, स्वपरागाला अडथळा नसलेली झाडं घ्यायची, शुद्ध ओळी तयार करायच्या आणि मक्यासारखं संकरित बी काढायचं. स्वपराग शक्य करणारं जनुकही त्या चाकोएन्सकडूनच आलं. मग शेतकऱ्याला टनावारी कंद न्यावे लागणार नाहीत, मूठभर बी पुरेल, आणि नवं जनुक आणायला दोन-तीन वर्षं लागतील.

शंकेखोर

वागेनिंगनकरताई, माहिती छान, पण जनुक बदललेला बटाटा ताटात नको असं मला वाटतं. दुसरं म्हणजे संकरित बी आलं की दर हंगामाला कंपनीच्या दारात जायचं. आज निदान आपल्या शेतातले कंद ठेवता येतात.

मृगधारा

शंकेखोरदादा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. बेण्याचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न वाण कसं काढलं याइतकाच मोठा आहे, आणि सरकारी संस्थांच्या वाणांची बाजू मी त्यासाठीच घेते. पहिल्याबद्दल एवढंच सांगते, की भारतात जनुक बदललेल्या बटाट्याला लागवडीची परवानगी नाही. आरबी जनुक कुफ्री ज्योतीत आणायचं काम आपल्या संस्थेत झालं, ते संशोधनापुरतं. युगांडात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने 'व्हिक्टोरिया' या वाणात तीन जनुकं घालून चाचण्या घेतल्या. लहान शेतकरी पाठीवरच्या पंपाने उघड्या अंगाने औषध मारतो, त्याच्या तब्येतीचा विचार केला तर हे काम मला मोलाचं वाटतं.

पण त्या वादात न पडताही पुष्कळ करता येतं. नेहमीच्या संकरातून तीन-तीन जनुकं एकत्र आणता येतात, आणि इथे थोडं गणित रंजक आहे. चार संचांपैकी एकातच जनुक असेल तर ते निम्म्या संततीत उतरतं. अशी तीन जनुकं हवी असतील तर आठात एक रोप. जनुकाच्या दोन प्रती असतील तर मात्र सहापैकी पाच रोपांत ते येतं. म्हणून आधी दोन प्रतींचे पालक तयार करायला वेळ घालवावा, तो फुकट जात नाही. दुसरी अडचण अशी, की शेतात एक जोरदार जनुक असलं की बाकीची दोन आहेत की नाहीत हे डोळ्यांना कळत नाही, झाड निरोगीच दिसतं. इथे डीएनए खुणा कामाला येतात. पान घ्यायचं, तीन खुणा तपासायच्या, तिन्ही असतील तरच झाड पुढे न्यायचं. यात बाहेरचं काहीही घातलेलं नाही, फक्त पारख अचूक होते. आणि शेवटी त्या झाडांतून मूळची हळू लढणारी ताकद असलेलीच ठेवायची, नाहीतर व्हर्टिफोलियाची गत.

सातगावकर

सगळं वाचलं. बांगडीचं आणि अळीचं काय? बटाटा चिरला की आत काळी-तपकिरी बांगडी दिसते, पिळला की पू येतो. आणि अरणीत, म्हणजे साठवणीच्या झाकलेल्या ढिगात, ठेवलेल्या बटाट्याला अळी लागते ती वेगळीच.

मृगधारा

बांगडी म्हणजे जिवाणूंमुळे येणारी मर. आपल्या भागाशी तिचं नातं जुनं आहे, देशातली पहिली नोंदच १८९२ मध्ये पुणे जिल्ह्यातली आहे. दुर्दैवाने तिला खरोखर दाद न देणारं वाण आज हातात नाही. रानटी बटाट्यांत प्रतिकार आहे, पण तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे आणि गरम हवेत ढिला पडतो. म्हणून इथे वाणावर विसंबू नका. बेणं कापून लावत असाल तर कोयता दर थोड्या वेळाने निर्जंतुक करा, शक्यतो अख्खं बारीक बेणं लावा, आणि त्या रानात बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची पाठोपाठ घेऊ नका. मका, ज्वारी, गहू घ्या.

अळीसाठीही पक्कं वाण नाही. झाडाच्या बुडाला मातीची भर नीट द्या, कंद उघडे ठेवू नका, काढलेला बटाटा रात्रभर रानात पडू देऊ नका. पतंग संध्याकाळनंतर त्यावर अंडी घालतो आणि तीच अळी अरणीत जाते.

आता बाजाराकडे येते. नवं वाण पसरायला वेळ का लागतो याचा हिशोब मांडा. एकरी दहा-बारा क्विंटल बेणं लागतं आणि उत्पन्न साधारण त्याच्या आठपट धरू. एका किलोपासून सुरुवात केली तर आठ, चौसष्ट, पाचशे बारा, चार हजार शहाण्णव. चार हंगामांनी ४० क्विंटल, म्हणजे जेमतेम चार एकरांचं बेणं. त्यात मधल्या काळात मावा आणि पांढरी माशी विषाणू आणते आणि बेणं खराब होतं. म्हणून तर बेणं पंजाबातून मंचरला येतं. तिथे माव्याचा जोर नसतो तेवढ्या दिवसांत पीक घेऊन वेळेत पाला कापतात. जो व्यापारी ट्रक भरतो तो खपणारं वाण भरतो, जे रोगाला टिकतं ते नव्हे. मागणी दिसल्याशिवाय चिपसोना ट्रकमध्ये चढणार नाही. एकट्याने दोन कट्टे मागून भागत नाही, गावाची शेतकरी कंपनी किंवा गट मिळून अख्ख्या ट्रकची मागणी हंगामाच्या चार-पाच महिने आधी द्यावी लागते.

सातगावकर

गटात आम्ही सत्तावीस जण आहोत. रब्बीच्या बेण्याला अजून वेळ आहे. मी विषय काढतो. कंपनीच्या माणसालाही विचारतो, चिपसोना-३ घेणार का म्हणून. तुलनेसाठी काही सऱ्या फवारा न मारता सोडू का?

मृगधारा

फवारा पूर्ण बंद करू नका, शेजाऱ्यांच्या शिवारात तिथूनच रोग जाईल. दोन्ही वाणं शेजारी लावा. चिपसोनावर दोन फवाऱ्यांमधलं अंतर थोडं वाढवा, अटलांटिकवर नेहमीचंच ठेवा. पहिला डाग दिसला ती तारीख लिहा, मग दर चार दिवसांनी त्याच दहा-दहा झाडांचा किती पाला काळा झाला ते अंदाजाने टक्क्यांत लिहा. काढणीला वजन करा आणि औषधाचा खर्च वेगळा मांडा. कंपनीशी बोलताना हा कागद पुढे ठेवा, आणि त्यांना सुका भाग मोजून द्यायला सांगा. त्यांचा आक्षेप तिथेच असेल.

वागेनिंगनकर

पाल्याचे टक्के ठरवायची चित्रं असतात, शून्यापासून शंभरपर्यंत. मराठीत मथळे घालून उद्या इथे टाकते.